गिऱ्हाईक नंतर, कागद आधी

बसा बसा, मागं जागा आहे अजून. मी काय वकील नव्हे, बेळगावच्या वडगावातलं आजोबांचं घर विकताना जे हाल झाले तेवढंच सांगणार आहे.

झालं काय, गिऱ्हाईक मिळालं, दर ठरला, इसार पण घेतला आणि मग मी कागदाची पिशवी उघडली. उलटं झालं की सगळं! पिशवीत हेस्कॉमची म्हणजे लाईटची बिलं, घरपट्टीच्या पावत्या आणि तळाला आजोबांचं खरेदीखत, ते मोडी लिपीत. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात, त्यामुळं तेव्हाचे कागद मोडी नाहीतर मराठी, नंतरचे कन्नड. खरेदीत आजोबा 'विठू', सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर 'विठ्ठल', मृत्यूच्या दाखल्यावर 'विठोबा'. गिऱ्हाइकाचा वकील विचारतोय, ही तीन माणसं कोण? म्हटलं, तिन्ही माझे आजोबाच. तो हसला पण नाही. मोडीवाचक शोधला, मराठी करून घेतलं, तिघे एकच म्हणून अ‍ॅफिडेव्हिट केलं, दोन महिने गेले त्यात.

मग वारसा. 'आक्काला लग्नात सोनं घातलंय, तिची सही कशाला' हे घरोघरी ऐकायला मिळतंय, पण हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपास्नं वडिलोपार्जितात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, आणि 2005 ला वडील हयात नव्हते तरी चालतंय, हे सुप्रीम कोर्टानं 2020 ला सांगितलंय. हक्क सोडायचा असेल तर तो पण रजिस्टर करूनच, वहीच्या पानावर लिहून नव्हे. माझी आक्का कोल्हापुरात, तिला आधी विचारलं नव्हतं म्हणून रुसली, ते कागदापेक्षा अवघड गेलं.

ईसी, म्हणजे घरावर बोजा आहे का ते सांगणारा सब-रजिस्ट्रारचा दाखला, तो तर आधीच काढून ठेवा. फॉर्म 15 आला म्हणजे व्यवहार नाहीतर बोजा आहे, 16 आला म्हणजे निल. आमच्या घरावर जुनं कर्ज, फेडून वर्षं झाली, पण बोजा कुणी उतरवलाच नव्हता, बँकेची एनओसी घेतली म्हणजे झालं असं वाटायचं मला.

ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाईन उतारा, कर्नाटकात ऑक्टोबर 2024 पास्नं कंपल्सरी, त्याशिवाय खरेदी रजिस्टर होत नाही. पंचायत हद्दीत, हिंडलग्यासारख्या गावात, ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाईन नोंदीचे, 9 आणि 11 नंबरचे फॉर्म. त्यावर नाव तुमचं पाहिजे, मयताचं नव्हे.

आणि इसार रोखीत घेऊ नका हो, 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतोय. 50 लाख किंवा वरच्या व्यवहारात गिऱ्हाईक 1 टक्का टीडीएस कापतंय, तेव्हा पॅन आधारला जोडलेलं आहे का बघा.

शेवटचं, खरेदीचा मसुदा कन्नडमध्ये असतोय, वाचता येत नाही म्हणून तशीच सही करू नका. शेजारची पोरगी, नववीला, कन्नड मीडियमची, तिला म्हटलं वाच बाळ मोठ्यानं. चतुःसीमेला, म्हणजे घराच्या चार बाजूंच्या हद्दींना, आल्यावर ती थांबली, म्हणाली काका, गल्ली तर तुमच्या पूर्वेला आहे, इथं पश्चिमेला लिहिलंय. मसुदा करणाऱ्याला फोन केला तर म्हणे टायपिंग मिस्टेक.

हं, आता विचारा काय विचारायचं ते, तो माईक जरा त्या मावशींना द्या.