गणवेशाच्या आत कोण आहे?

(दृश्य : नागपुरातील एका शाळेचं मैदान. परिपाठ संपत आलाय. रांगेतल्या मुलांच्या अंगावर करडे शर्ट, गडद निळ्या पँट.)

निवेदन :

हा स्काउटचा गणवेश. २०२४ च्या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने पहिली ते आठवीच्या, मोफत गणवेश मिळणाऱ्या मुलांसाठी दोन गणवेश ठरवले. त्यातला एक रोजचा आणि दुसरा स्काउट-गाइडचा. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी स्काउट-गाइडचा गणवेश घालायचा, असा आदेश निघाला. त्याचं कापड शाळेला मिळणार होतं आणि शिलाई व वरखर्च धरून एका गणवेशामागे ११० रुपये ठरले होते. एवढ्या पैशांत शिवून कोण देणार, हा प्रश्न गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांना पडला. गणवेश उशिरा मिळाले, मापं चुकली, तक्रारी झाल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो निर्णय मागे घेतला आणि गणवेशाचे अधिकार पुन्हा समित्यांकडे दिले.

शिलाईवर भरपूर चर्चा झाली. पण हा गणवेश घालणारं मूल स्काउट आहे का, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. स्काउटिंगमध्ये आधी प्रवेशाचा अभ्यास होतो, मग मूल स्वतःच्या तोंडाने वचन देतं आणि त्यानंतर त्याच्या गळ्यात स्कार्फ पडतो. इथे कपडे आधी आले, वचन मागे राहिलं. हा क्रम उलटला, तर या चळवळीत उरतं काय?

(दृश्य : जुनी छायाचित्रं. बेट, तंबू, शेकोटी.)

ऑगस्ट १९०७. इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल या निवृत्तीला आलेल्या सेनाधिकाऱ्याने वीसेक मुलांचं शिबिर भरवलं. त्यातली काही मुलं श्रीमंतांच्या नामांकित शाळांतली, काही कामगार वस्तीतली. इंग्लंडच्या त्या काळात ही मुलं एका पंगतीत जेवायला बसणं ही साधी गोष्ट नव्हती. बेडन-पॉवेलने त्यांच्या चार लहान तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा नेमला. सहा-आठ मुलं आणि त्यांच्यातलाच एक संघनायक, असा हा छोटा संघ आजही स्काउटिंगचा पाया मानला जातो. शिक्षकाने हुकूम सोडायचा आणि पन्नास मुलांनी तो पाळायचा, हे त्याच्या नेमकं विरुद्ध आहे.

भारतात ही चळवळ पोचली ती दार अर्धं बंद करूनच. १९०९ मध्ये बंगळुरात पहिलं पथक निघालं, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना मज्जाव होता. मग आपल्या माणसांनी आपली वाट काढली. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांसाठी संघटना काढली. १९१८ मध्ये अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांच्या पुढाकाराने सेवा समिती स्काउट असोसिएशन उभी राहिली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, काही संघटना एकत्र आल्या, पण सेवा समिती बाहेरच राहिली. पुढे १९३७ च्या सुमारास भारतीयांच्या चारित्र्याबद्दलची बेडन-पॉवेल यांची विधानं लोकांपर्यंत पोचली आणि संताप उसळला. अनेकांनी मूळ संघटना सोडली. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन आली.

म्हणजे स्काउट कोण होऊ शकतो आणि कुणाच्या मूल्यांवर, हा वाद आपल्याकडे चळवळीच्या जन्मापासून आहे. तो पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला नाही. ७ नोव्हेंबर १९५० ला मुलांच्या संघटनांचं विलीनीकरण होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. मुलींची गाइड संघटना पुढच्या वर्षी, १५ ऑगस्टला तिच्यात आली.

(दृश्य : दीक्षाभूमीचा स्तूप. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी.)

नागपुरात मूल्यांचा प्रश्न पुस्तकात राहत नाही, तो घरात येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यासोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांना देव न मानण्याची. अशा घरातलं दहा वर्षांचं मूल स्काउट वचनाला उभं राहतं, तेव्हा त्याला ईश्वराप्रति कर्तव्य पाळण्याची शपथ घ्यायची असते.

संस्थेच्या नियमात याला वाट आहे. हवं असेल तर ईश्वराऐवजी धर्म म्हणता येतं, अशी टीप वचनाखाली दिलेली आहे. भारतासारख्या देशात ही टीप फार मोलाची आहे. ती लिहिणाऱ्यांना समोर कोणती मुलं उभी राहणार आहेत, हे नीट दिसत होतं. ब्रिटनमधल्या स्काउट संघटनेने देव न मानणाऱ्यांसाठी वेगळ्या वचनाची सोय केली ती थेट २०१४ पासून. तिथल्या मुलींच्या गाइड संघटनेने तर २०१३ मध्ये वचनातून देवाचा उल्लेखच काढला.

पण टीप पुस्तकात असून भागत नाही, ती मुलाला सांगावी लागते. मैदानावर सगळी मुलं एका सुरात वचन म्हणतात, तेव्हा निवड करायला सवडच मिळत नाही. मला वाटतं, प्रत्येक स्काउट मास्तराने आणि गाइड कॅप्टनने वचनविधीच्या आधी मुलाला एकट्याला बसवून विचारावं : तुझ्या मनाला पटेल असं तू काय म्हणशील? घरी आई-बाबांशी बोललास का? पाच मिनिटांचं काम आहे. ते झालं नाही, तर वचनाला अर्थ उरत नाही. आणि देव-धर्म दोन्ही न मानणाऱ्या घरातल्या मुलाने काय म्हणावं, यावर आपल्याकडे अजून मोकळेपणाने बोलणं व्हायचंय. ते नागपुरातून सुरू झालं तर योग्यच होईल.

(दृश्य : कामठी रस्ता. लष्करी गाड्या, छावणीची कमान.)

नागपूरपासून तासाभराच्याही आत कामठी येतं. इथे लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे आणि एनसीसी शिकवणाऱ्या शिक्षक-अधिकाऱ्यांना घडवणारी अकादमीही. एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि संरक्षण मंत्रालयाखाली येते. तिची शिस्त, तिचं संचलन, बंदुकीचं प्रशिक्षण हे सगळं तिच्या उद्देशाला धरून आहे. स्काउटिंगचा उद्देश वेगळा. तरी अनेकांना दोन्ही सारखेच वाटतात आणि २०२५ मध्ये पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षणाची कल्पना राज्यात पुढे आली, तेव्हा माजी सैनिकांच्या जोडीला स्काउट-गाइडचंही नाव घेतलं गेलं.

हा गोंधळ जुना आहे. ब्रिटनमध्ये १९०९ मध्येच सर फ्रान्सिस व्हेन यांचं बेडन-पॉवेलशी बिनसलं, त्यामागे चळवळीचा लष्करी कल हेही एक कारण होतं. व्हेन वेगळ्या संघटनेत गेले आणि पुढे त्यांनी शांततावादी जागतिक स्काउट संघ काढला. मी सैनिकांच्या जिल्ह्यात वाढले, सैन्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला कवायत शिकवून सैनिक घडत नाही आणि स्काउटही घडत नाही. गाठी मारता येणं, वाट शोधता येणं, बिनभांड्याचा स्वयंपाक करून चार जणांना जेवू घालता येणं, भांडण झालं तर संघातच मिटवणं, हे स्काउटचं शिक्षण. त्यात मुलाला चुकायला वाव असतो. संचलनात तो नसतो, नसावाच.

(दृश्य : रामटेकजवळचं शिबिर. चुली, ओल्या पानांत भाजलेली वांगी, दोरीने बांधलेली भांड्यांची मांडणी.)

बिनभांड्याच्या स्वयंपाकाबद्दल थोडं सांगायलाच हवं. शिबिरात एका संघातली मुलं एका चुलीवर रांधतात, एकमेकांच्या हातचं खातात. ज्या समाजात कुणाच्या हातचं कुणी खावं यावरून माणसांना बाहेर बसवलं गेलं, तिथे हा मूल्यशिक्षणाचा सगळ्यात खरा तास आहे. म्हणूनच शिबिरात जेवण बाहेरून मागवलं, मुलांनी फक्त फोटोसाठी पोळी हातात धरली, की माझा जीव तुटतो.

मुलींचं काय? स्काउट आणि गाइड एकाच संस्थेत, पण पथकं वेगळी. गाइड पथकाला महिला कॅप्टन लागते. ज्या शाळेत शिक्षिकाच नाही किंवा आहे ती आधीच दहा कामांत अडकलेली, तिथल्या मुलीने कुठे जायचं? मुलींचा आग्रह जुनाच आहे. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात स्काउटच्या वेशात मुली येऊन उभ्या राहिल्या, त्यातूनच पुढच्या वर्षी गाइड चळवळ निघाली. आपल्याकडे लक्ष्मी मजुमदार यांनी संस्थेच्या राष्ट्रीय आयुक्तपदाची धुरा वर्षानुवर्षं सांभाळली. नेतृत्वाला बाई चालते, मग पथक नाही म्हणून मुलगी घरी का?

अमेरिकेतली गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिच्यात आपल्यासाठी इशारा आहे. तिथल्या बॉय स्काउट्सनी समलिंगी नेत्याला काढलं आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी संघटनेचा तो अधिकार मान्य केला. २०१३ मध्ये समलिंगी मुलांना आणि २०१५ मध्ये प्रौढ नेत्यांना दार उघडायचं ठरलं. २०१९ पासून मुली मुख्य शाखेत आल्या. २०२५ मध्ये संघटनेचं नावच बदलून स्काउटिंग अमेरिका झालं. कुणाला आत घ्यायचं, यावर तो देश वर्षानुवर्षं तावातावाने भांडला. आणि आत असलेल्या मुलांवर काय गुदरत होतं? २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लैंगिक अत्याचाराचे ८२ हजारांहून अधिक दावे समोर आले. भरपाईचा निधी सुमारे २.४६ अब्ज डॉलरचा.

आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. पण शिबिर म्हणजे घरापासून दूरची रात्र. कुठलाही प्रौढ एकट्या मुलासोबत बंद तंबूत राहणार नाही, मुलींच्या शिबिरात रात्री महिला शिक्षिका हजर असतील, तक्रार कुणाकडे करायची हे मुलांना पहिल्याच संध्याकाळी सांगितलं जाईल : पालकांनी सही करण्यापूर्वी हे विचारावं. विचारणाऱ्या पालकाला कटकट्या समजणाऱ्या शिबिरात मूल पाठवू नये.

(दृश्य : अजनीच्या रेल्वे वसाहतीचा रस्ता.)

मुलं मात्र सरळ विचारतात, नागपुरी ठसक्यात : सर, याचा फायदा काय होते? प्रश्न रास्त आहे. दहावीला सवलतीचे गुण मिळतात. राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोचलेल्याला रेल्वेच्या स्काउट-गाइड कोट्यातून नोकरीचा अर्ज करता येतो. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे अशी दोन विभागांची कार्यालयं आहेत, त्यामुळे हा कोटा इथे घराघरांत माहीत आहे. गरिबाघरच्या मुलाने नोकरीसाठी स्काउटमध्ये यावं, यात मला काहीही वाईट दिसत नाही. वाईट वाटतं ते सोपानांच्या, म्हणजे स्काउटच्या प्रगतीच्या पायऱ्यांच्या, वह्या एका रात्रीत भरल्या जातात त्याचं. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. ही वाट वर्षांची आहे. ती कागदावर चालली, तर प्रथमोपचाराचा बॅज छातीवर लावलेल्या मुलाला रक्त थांबवता येत नाही.

(दृश्य : नाग नदीचं पात्र, अंबाझरीच्या सांडव्याचा परिसर.)

आणि या शहराला त्या मुलाची गरज आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांमध्ये शिरली. झोपेतली माणसं घरात अडकली, काही दगावली. बचावासाठी लष्कराला बोलवावं लागलं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा उष्माघाताने कोसळलेल्या माणसाला काय करावं, हेही इथे रोजच्या उपयोगाचं ज्ञान आहे.

गल्लीत अंथरुणाला खिळलेले आजोबा कुठल्या घरात राहतात, विजेचा मुख्य खटका कुठे आहे, उंचावरची जागा कोणती, हे बाहेरून येणाऱ्या बचाव पथकाला कळायला वेळ लागतो. त्या गल्लीतल्या आठ मुलांना ते पाठ असू शकतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) अकादमी आणि नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज, दोन्ही याच शहरात आहेत. शिकवणारे आहेत, शिकणारे आहेत.

शाळेशिवायही पथक काढता येतं, त्याला खुलं पथक म्हणतात. लागतो तो प्रशिक्षण घेतलेला एक प्रौढ, मुलींच्या पथकाला एक बाई, आणि स्वतःहून येणारी मुलं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि पाऊस तेव्हाच धरायला लागतो. नाग नदीकाठच्या कुठल्याही वस्तीत त्याआधी असं एक पथक उभं करायचं असेल, तर त्या प्रौढाच्या प्रशिक्षणाच्या बेसिक कोर्ससाठी नाव द्यायला जिल्हा स्काउट-गाइड कार्यालयात उन्हाळ्यातच जावं लागेल.