वृश्चिक रास: आधी ती तुमची आहे का ते बघा, मग स्वभावाचं बोलू

नमस्कार मंडळी!

वृश्चिक राशीवर व्हिडिओ करा म्हणून तुम्ही बरेच दिवस मागे लागला होतात, तर आज वृश्चिक. त्यातून सध्या "वृश्चिकवाल्यांच्या नादी लागू नका" छापाच्या रील्स जोरात आहेत आणि त्यांच्या लिंक पाठवून तुम्ही सगळे एकच विचारताय. "ताई, माझी रास वृश्चिक, पण यातलं काहीच मला लागू पडत नाही. असं कसं?"

बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं. तुमची रास वृश्चिक नसतेच.

प्राथमिक गोष्टी भराभर उरकते, त्या बहुतेकांना पाठ आहेत. राशीचक्रातली आठवी रास, स्वामी मंगळ, तत्त्व जल, स्थिर रास. विशाखाचं चौथं चरण, पूर्ण अनुराधा आणि पूर्ण ज्येष्ठा, अशी नऊ चरणं. चरण म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग. एक चरण ३ अंश २० कलांचं, नऊ चरणांचे तीस अंश. झालं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे "तुझी रास काय" असं विचारतात तेव्हा जन्मवेळी चंद्र कुठल्या राशीत होता ते विचारलेलं असतं. मोबाइलवरची अॅपं आणि रील्स सूर्याची रास सांगतात, आणि तीही सायन, म्हणजे वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य असतो त्या जागेपासून) मोजलेली. त्यांच्या हिशेबात साधारण २३ ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबरमध्ये जन्मलेले सगळे वृश्चिक. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजणारं, आणि दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. त्यामुळे पंचांगात सूर्य वृश्चिकेत येतो तोच मुळी १६ नोव्हेंबरच्या आसपास. १ नोव्हेंबरला जन्मलेला माणूस अॅपमध्ये वृश्चिक असतो, पंचांगात त्याचा सूर्य तुळेत असतो, आणि त्याची रास, म्हणजे चंद्रराशी, बारापैकी कुठलीही असू शकते.

चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो. म्हणजे दर महिन्याला सव्वादोन दिवस वृश्चिक राशीची बाळं जन्माला येतात, मे असो की डिसेंबर. वटपौर्णिमेचं उदाहरण घ्या. ज्येष्ठ महिन्याला ते नाव मिळालं तेच पौर्णिमेचा चंद्र ज्येष्ठा नक्षत्राच्या आसपास असतो म्हणून. त्यामुळे वटपौर्णिमेला जन्मलेल्या बाळाची रास बरेचदा वृश्चिक निघते आणि अॅप त्याच बाळाला मिथुन म्हणतं. दोन वेगळ्या मोजण्या आहेत. एकीची रास घेऊन दुसरीचं वर्णन वाचलं तर जुळणार कसं?

"मग पंचांगात बघतो" असं म्हणून तुम्ही पंचांग उघडता, आणि इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. मी हे तीन तऱ्हांनी सांगणार आहे, कारण मागच्या वेळी एकदाच सांगितलं आणि खाली पुन्हा तोच प्रश्न आला.

पंचांगातला दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो. मध्यरात्री बारा वाजता तिथे काहीही बदलत नाही. समजा, बाळ १५ तारखेला पहाटे अडीच वाजता जन्मलं. सूर्योदय व्हायचाय, म्हणजे पंचांगाच्या लेखी अजून १४ तारीखच चालू आहे. १४ तारखेच्या ओळीत नक्षत्राच्या रकान्यात लिहिलंय, "ज्येष्ठा २७:१०". या २७ ला घाबरू नका, त्यातून २४ वजा करा. रात्रीचे ३ वाजून १० मिनिटं. आणि ही वेळ ज्येष्ठा संपण्याची आहे, लागण्याची नव्हे. अडीच वाजता ज्येष्ठा चालू होतं, म्हणून रास वृश्चिक. आता तुम्ही जन्मदाखल्यावरची १५ तारीख बघून १५ च्या ओळीत गेलात, तर तिथे आहे "मूळ २८:०५". तुम्ही मूळ लिहिलंत, रास धनु. नक्षत्र बदललं, रास बदलली, गुणमेलनातले गण आणि नाडी सोडून बाकी बरंच हललं, आणि बाळ आहे तिथेच आहे.

दुसऱ्या बाजूने बघा. आई सांगते, "सोमवारी रात्री झाला." दाखल्यावर मंगळवारची तारीख. घरात वाद. दोघंही बरोबर आहेत! आई पंचांगाचा वार सांगतेय, दाखला घड्याळाचा. पंचांगात बघायचं तर आईचा सोमवार धरा. कुंडलीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं तर दाखल्यावरची तारीख जशीच्या तशी भरा, कारण सूर्योदयाचा हिशेब ते स्वतः करतं. काही जण हा नियम ऐकून सॉफ्टवेअरमध्येही एक दिवस मागे जातात. मग चंद्र तेरा अंशांनी मागे जातो, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण नक्षत्र. कृपा करून असं करू नका. एक दिवस मागे जायचं ते फक्त छापील पंचांगाची ओळ शोधताना, आणि तेही जन्म मध्यरात्र ते सूर्योदय या वेळेतला असेल तरच.

तिसरी तऱ्हा परदेशातल्या मंडळींसाठी. न्यू जर्सीत जुलै महिन्यात संध्याकाळी आठला बाळ झालं. तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीचे पहाटे साडेपाच वाजलेले असतात, कारण उन्हाळ्यात अंतर साडेनऊ तासांचं असतं. हिवाळ्यात तेच साडेदहा तास होतं. इथून मागवलेल्या पंचांगात बघायचं तर आधी भारतीय वेळ काढा, मग ती सूर्योदयापूर्वीची आहे की नंतरची ते बघा, आणि मगच ओळ ठरवा. क्रम उलटा केलात की चुकलंच.

जाता जाता, आजी-आजोबांच्या पत्रिका काढणाऱ्यांसाठी. मुंबई शहरात १९५५ पर्यंत मुंबईची वेगळी वेळ वापरात होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आणि युद्धकाळात, १९४२ ते १९४५, देशाची घड्याळं एक तास पुढे केलेली होती. एवढ्याने रास सहसा बदलत नाही, पण लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांत बदलतं, त्यामुळे ते हलू शकतं.

आता चरण. आधीचं नक्षत्र कधी संपलं ती वेळ घ्या, आपलं कधी संपतंय ती घ्या, मधल्या काळाचे चार समान भाग करा. सरळ सहा-सहा तास धरू नका, कारण चंद्राचा वेग सारखा नसतो. नक्षत्र कधी बावीस तासांत उरकतं, कधी सव्वीस तास चालतं. विशाखावाल्यांना तर चरण काढल्याशिवाय राशीचा पत्ताच लागत नाही. पहिली तीन चरणं तुळेत, फक्त चौथं वृश्चिकेत.

अजून एक पेच आहे. "गुरुजी धनु म्हणतात, मामा वृश्चिक म्हणतात" अशी तक्रार आली की विचारायचं, पंचांग कुठलं? दाते पंचांगासारखी बहुतेक पंचांगं चित्रापक्षाच्या अयनांशांवर चालतात. अयनांश म्हणजे सायन आणि निरयन यांच्यातलं ते मघाचं अंतर, ते किती धरायचं यावर दोन पक्ष आहेत. टिळक पंचांग रैवतपक्षाचं. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणजे चंद्राची साधारण सात तासांची चाल. मघाचं अडीच वाजताचं बाळ टिळक पंचांगात केव्हाच मुळात गेलेलं असणार. यात खोटं कुणीच नाही. पण गुणमेलन करताना मुलाची पत्रिका एका पंचांगाची आणि मुलीची दुसऱ्या, असं झालं तर ते मेलन फुकट. दोन्ही पत्रिका एकाच गणिताच्या घ्या.

रास पक्की झाली? चला स्वभावाकडे.

ज्योतिषात वृश्चिकेचं वर्णन येतं ते जल आणि स्थिर या दोन गोष्टींच्या जोडीतून. कर्क चर आहे, तिचं पाणी वाहतं. वृश्चिकेचं पाणी विहिरीसारखं, वरून शांत आणि खोल. म्हणून भावना तीव्र पण दाखवायच्या नाहीत, झालेली गोष्ट विसरायची नाही, धरलेलं सोडायचं नाही. त्यात मंगळाचं स्वामित्व, म्हणून धाडस आणि बोलण्यात धार. आणि चंद्र या राशीत नीच मानला जातो, तिसऱ्या अंशावर परमनीच. मनाचा कारक चंद्र नीचीचा, म्हणून अस्वस्थता, संशय, कुणापाशी मन मोकळं न करणं. वराहमिहिराच्या बृहज्जातकात वृश्चिकेच्या चंद्राला विशाल डोळे आणि रुंद छाती, लहानपणी आजारपण, राजघराण्यात मान आणि दोष झाकून ठेवण्याची वृत्ती दिली आहे. डूख धरण्याची रील त्यात कुठे दिसते का, तुम्हीच बघा.

पण नुसत्या "वृश्चिक" या शब्दावर थांबू नका. या राशीतली तिन्ही नक्षत्रं एकमेकांपासून फार लांबची आहेत.

विशाखाचं चौथं चरण: नक्षत्रस्वामी गुरू, देवता इंद्राग्नी, राक्षसगण. ध्येय ठरलं की जेवणखाण विसरणारी, स्पर्धा आवडणारी माणसं, असं वर्णन. चंद्राचा परमनीच अंश याच चरणात येतो, त्यामुळे मिळवूनही समाधान नाही हा भागही इथलाच.

अनुराधा: स्वामी शनी, देवता मित्र, देवगण. देवतेचं नावच मित्र! जमवून घेणारी, माणसं धरून ठेवणारी, संस्था चालवणारी, घर सोडून लांब जाऊन स्थिरावणारी. रीलमधला वृश्चिक आणि अनुराधाचा माणूस यांचा मेळ बसत नाही तो यामुळे. "लागू पडत नाही" म्हणणाऱ्यांतले जे खरोखर वृश्चिक निघतात, त्यांनी आपलं नक्षत्र अनुराधा आहे का ते जरूर बघावं.

ज्येष्ठा: स्वामी बुध, देवता इंद्र, राक्षसगण. थोरलेपणा. वयाने धाकटा असला तरी घराची जबाबदारी ओढून घेणारा, हुशार, शब्दाने जखम करू शकणारा, मान राखला नाही तर दुखावणारा. आणि राक्षसगण ऐकून दचकू नका. गण हे गुणमेलनातलं एक वर्गीकरण आहे, छत्तीसपैकी सहा गुणांचं.

आता ज्या कमेंट वाचून खरंच राग येतो त्या. "मुलगी वृश्चिकेची, म्हणजे मंगळाची का?" नाही हो! मंगळदोष बघतात तो मंगळ लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी आहे का यावर. चंद्र मंगळाच्या राशीत असण्याशी त्याचा संबंध नाही.

"ज्येष्ठा नक्षत्राची मुलगी थोरल्या दिराला वाईट, म्हणून स्थळ सोडलं." "विशाखाची आहे, धाकट्या दिराला वाईट." या धारणेला जुन्या मुहूर्तग्रंथांचा आधार दाखवतात. त्याच ग्रंथांत विशाखाची पहिली तीन चरणं दिराला सुखकारक सांगितली आहेत, ते मात्र कुणी वाचत नाही. आणि ग्रंथात असलं तरी मी ते मानणार नाही. दिराचं आयुष्य वहिनीच्या जन्मनक्षत्रावर ठरतं असं म्हणणं हा त्या मुलीवर अन्याय आहे. स्थळ नाकारायचं असेल तर नाकारा, पण त्याचा बोल तिच्या नक्षत्रावर ठेवू नका.

राशीवरून माणसाची पारख करण्याआधी हेही माहीत असू द्या. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. दोनशे पत्रिका, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका बघून कुठली कुणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरं ४६ टक्के, नाणं उडवून येतील त्याहून थोडी कमीच. चंद्र कुठे होता हे गणित मिनिटापर्यंत पक्कं आहे. स्वभावाचं वर्णन ही परंपरा आहे. ते वाचा, त्यावर विचार करा, पण त्यावरून नोकरी किंवा लग्न ठरवू नका.

राहिलेले दोन प्रश्न. "वृश्चिकेला साडेसाती चालू आहे का?" नाही. ती नोव्हेंबर २०११ ला सुरू झाली आणि २४ जानेवारी २०२० ला शनी मकरेत गेल्यावर संपली. २९ मार्च २०२५ पासून शनी मीनेत आहे, तेव्हापासून साडेसाती कुंभ, मीन आणि मेष राशींना. अॅपमध्ये स्वतःला वृश्चिक समजून निश्चिंत बसलेल्यांनी पुन्हा एकदा चंद्रराशी बघावी.

"नाव न वरून आहे, म्हणजे वृश्चिकच ना?" नावरस नाव, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणाच्या अक्षरावरून ठेवलेलं नाव असेल तरच. विशाखाच्या चौथ्या चरणाला तो, अनुराधाला ना, नी, नू, ने आणि ज्येष्ठाला नो, या, यी, यू ही अक्षरं. यामिनी वृश्चिकेत येते, पण योगिता नाही, कारण "यो" मूळ नक्षत्राचं, म्हणजे धनु राशीचं. आणि आईवडिलांनी आवडलं म्हणून निखिल ठेवलं असेल, तर त्या नावावरून काही काढायचं नाही. जन्मवेळ कुठेच सापडत नसेल तेव्हाच नावाच्या अक्षराचा आधार घ्यावा.

आणि एक विनंती. कमेंटमध्ये स्वतःची किंवा मुलांची जन्मतारीख, वेळ, गाव उघड लिहू नका. दाखला काढा, पंचांगातली योग्य ओळ शोधा, नक्षत्र संपायची वेळ बघा. अडलं तर नुसतं "विशाखा, चरण कळत नाही" एवढं लिहा, त्यावर उत्तर देईन.