पांढरा लिनन आणि कुर्लीचा डेंगा

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवर बोलवलं की मला फार बरं वाटतं. मी काय घातलंय ते तुम्हाला दिसत नाही आणि मला पोट आत ओढून बसावं लागत नाही. हे दुसरं सुख किती मोठं आहे ते माझ्या वयाच्या पुरुषांना वेगळं सांगायला नको.

पन्नाशीला दोन वर्षं उरली तेव्हा मी ठाण्यात जिम लावली. तिथला शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. मी त्याला 'सर' म्हणतो, तो मला 'काका' म्हणतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "काका, खाण्यात काय असतं?" मी म्हटलं, "मासे." पोरगा खूश. "कसे खाता?" म्हटलं, "तळून. शिवाय तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं, वाटप लावून सुरमईचं सार, वर सोलकढी." पोराचा चेहरा पडला. म्हणाला, "उकडून खा. मीठ बेताचं. नारळ बंद."

मालवणी माणसाला नारळ बंद! वारकऱ्याला म्हणावं, पंढरीला खुशाल जा, फक्त टाळ घरी ठेव. तरी मी एक दिवस उकडलेली सुरमई खाल्ली. बायकोने काही न बोलता माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बरं, प्रथिनांचं म्हणाल तर शंभर ग्रॅम बांगड्यात ती १९-२० ग्रॅम असतातच. डब्यातल्या पावडरीचा एक मोठा चमचा दुधात घुसळला तर २४-२५ मिळतात, पण त्या डब्याच्या पैशात आठवडाभर बांगडा येईल आणि मांजरालाही पोट भरून मिळेल. बाजारातल्या मावशींना ही भाषा केव्हाच अवगत झाली आहे. परवा मला लांबूनच हाक आली, "ओ भाऊ, जिमवाले! कोळंबी घ्या, निस्तं प्रोटीन!" पूर्वी त्याच कोळंबीला त्या नुसतं 'ताजी' म्हणायच्या. भाव तेव्हाही उतरत नव्हता, आताही उतरत नाही.

जिममध्ये सायकल मारताना करायला काही नसतं, म्हणून मी आसपासच्या पुरुषांची माशांशी सांगड घालत बसतो. पापलेट म्हणजे कायम लग्नाला निघालेला इसम. पोट सपाट, अंगावर चंदेरी सूट. २०२३ साली सरकारने चंदेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा केलं, तेव्हापासून तर कॉलर अजूनच ताठ. बांगडा म्हणजे अंगाबरोबर बसणारा पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट घातलेला कॉलेजकुमार. बोंबलात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे त्याला पाट्याखाली दाबून निथळवल्याशिवाय तव्यावर घालता येत नाही. तो मी.

पण जिमचा खरा राजा म्हणजे कुर्ली. तुम्ही मुंबई-रायगडकडचे असाल तर चिंबोरी म्हणा. पुढे हे एवढाले डेंगे, म्हणजे नांग्या, आणि मागचे पाय बघावे तर काड्या! आमच्या जिममधली निम्मी पोरं हुबेहूब अशी आहेत. रोज उठून दंड आणि छाती. पायांचा दिवस आला की एकाची आजी आजारी, दुसऱ्याची ट्रेन चुकलेली. चालतातही तशीच, हात अंगापासून दोन वीत लांब ठेवून. दारातून आत येताना थोडं तिरकं व्हावं लागतं.

चार महिन्यांत माझाही दंड किंचित दिसायला लागला. म्हणजे मला दिसायला लागला. लेकीने कौतुकाने पांढरा लिननचा शर्ट आणला, अंगासरशी बेतलेला. बाही दुमडून कोपराच्या वर न्यायची, म्हणजे दंडावर घट्ट बसते. हा शर्ट घालून डिसेंबरात मी मालवणला मावशीकडे गेलो, दांडीच्या किनाऱ्यालगत. वार गुरुवार नव्हता, अमावास्या दोन दिवसांवर होती, आणि अमावास्येची कुर्ली भरलेली असते असं आमच्याकडे मानतात. चुलीवर काय होतं ते तुम्ही ओळखलंत.

मावशीने पान मांडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शर्ट काढ रे झिला, आणि मग बस जेवूक."

शर्ट काढला असता तर पोट दिसलं असतं. मी म्हटलं, "मावशी, मी नीट जेवतो."

आता कुर्ली नीट जेवायची वस्तू आहे का? काटे-चमचे तिथे कामाचे नाहीत. डेंगा दाढेखाली धरायचा, कट्ट आवाज आला की कवचाचा तुकडा जिभेने बाजूला सारायचा आणि आतलं मांस ओढायचं. मांसाआधी रस्सा येतो, तो मनगटावरून कोपराकडे धावतो, आणि त्याला वाटेत चाटून अडवावं लागतं. मी मात्र मान पुढे काढून, कोपरं हवेत धरून, शर्टापासून वीतभर अंतरावर जेवत होतो. डेंगा दाढेने फुटेना. म्हणून वरवंटा मागितला, दोन्ही हातांनी उचलला आणि जिममधलं सगळं बळ लावून हाणला.

डेंगा फुटला. रस्सा खिशापासून खांद्यापर्यंत गेला.

मी धावत मोरीवर जाऊन साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकलो होतो, आठवलं लावल्यावर. छातीवर पिवळा डाग होता त्या जागी कुणी भोसकल्यासारखं दिसायला लागलं. मावशी म्हणाली, आता घासू नको, ओला तसाच उन्हात टाक. हा उपाय खरा आहे, हळद उन्हाला टिकत नाही. पण दुपार कलली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावसभावाने रापणीला नेलं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी पाण्यात अर्धगोल फिरून जाळं सोडत येते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन रांगांत उभी राहून माणसं ते ओढतात. एकदोन मिनिटं नाही, तासन्तास. मी तोच डागाळलेला शर्ट घातला होता आणि पिशवीतून जिमचे हातमोजे काढले.

मावसभाऊ म्हणाला, "हातमोजे कशाक? दोरी काय तुका चावतली?"

माझ्या पुढे सत्तरीचे एक काका होते. जुनं बनियन, गुडघ्यापर्यंतची चड्डी, डोक्याला टॉवेल. पोट माझ्याएवढंच, पण पोटऱ्या नारळाच्या बुंध्यासारख्या. ते मागे झुकून एकेक पाऊल मागे टाकत होते, हातांनी दोर फक्त धरलेला. मी दंडाने ओढत होतो. दहाव्या मिनिटाला दंड थरथरायला लागले, विसाव्याला मी दोर ओढतोय की दोराला लोंबकळतोय हे सांगणं अवघड झालं. काका मागे न बघता म्हणाले, "पायान वढ, पायान! हातान वढतंस कित्याक?"

पायांच्या दिवशी मीही जिमला दांड्या मारल्या होत्या, हे मघाशी सांगायचं राहिलं.

वाळूवर रापणकरांचं ते बनियन आणि चड्डी बघताना मुंबईच्या कोळीवाड्यातला कंबरेचा रुमाल आठवला. गुडघे मोकळे, भिजला तर चटकन वाळणार, दोर ओढताना कुठे अडकणार नाही. आता तो हळदीला आणि नारळी पौर्णिमेला हौसेने नेसतात. माझ्या लिननला मात्र काखेत टर्रकन आवाज झाला होता.

जाळं वर आलं. तारल्या, थोडे बांगडे, मूठभर मांदेली. मग वाटे पडले. मला पोरासोरांना देतात तो अर्धा वाटा मिळाला, तोही काकांच्या सांगण्यावरून. पिशवी तर हातमोज्यांपुरती आणलेली. शेवटी शर्ट काढला, त्यात तारल्या बांधल्या, आणि उघड्या पोटाने, ते आत न ओढता, भर किनाऱ्यावरून घरी आलो. कुणी बघितलंसुद्धा नाही.

मावशीने अंगणात गाठोडं सोडलं. शर्टाकडे ढुंकून न बघता तारल्या मोजल्या.

"सतरा," म्हणाली. "त्यातल्यो दोन मांजराक घाल."