ताईंची पहिली शाळा: इंदूरची महापालिका

मंडळी, सुमित्राताई महाजनांचा विषय निघाला की आपण थेट आठ विजयांवर येतो. 1989 ते 2014, इंदूरमधून सलग आठ वेळा खासदार. अभिमान वाटावा असंच हे यश आहे. पण आज मला त्याआधीच्या वर्षांबद्दल बोलायचं आहे, कारण माझ्या मते ताई घडल्या त्या तेव्हाच.

चिपळूणच्या साठ्यांची ही मुलगी, जन्म 1943 चा. जयंत महाजन वकिलांशी लग्न होऊन इंदुरात आली, एम.ए., एलएल.बी. इथेच केलं. 1982 मध्ये महापालिकेत गेली, 1984-85 मध्ये उपमहापौर झाली. महापालिकेत काम करणाऱ्याच्या दारावर सकाळी सहालाच थाप पडते. नळाला पाणी नाही, गल्लीतला दिवा बंद आहे, गटार तुंबून घाण ओट्यापर्यंत आली आहे. तक्रार घेऊन आलेली बाई मराठी असो, माळवी असो की सिंधी, तिला आज उत्तर हवं असतं. रामबागेतल्या मराठी घरांत ताईंना मान होताच, पण तेवढ्या मतांवर इंदूरची लोकसभा जिंकता येत नाही. ‘ताईंना आपण मराठी लोकांनी निवडून दिलं’ असं कौतुकाने म्हणतात, ते मला पटत नाही. त्यांना अख्ख्या शहराने निवडून दिलं.

1985 ला त्या विधानसभेला हरल्या. चारच वर्षांनी लोकसभेला समोर होते प्रकाशचंद्र सेठी: माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री. ताईंनी त्यांना हरवलं. पुढचे सगळे विजय काही सोपे नव्हते. 2009 मध्ये मताधिक्य साडेअकरा हजारांच्या आत आलं होतं. 2014 मध्ये ते 4 लाख 66 हजारांवर गेलं.

वाजपेयी सरकारात त्या मनुष्यबळ विकास, दूरसंचार आणि पेट्रोलियम खात्यांच्या राज्यमंत्री होत्या. मग जून 2014 मध्ये लोकसभाध्यक्ष, मीरा कुमारांनंतरच्या दुसऱ्याच महिला. तिथले त्यांचे दोन निर्णय गाजले. काँग्रेसचे 44 सदस्य होते, म्हणजे 543 च्या एक दशांशाहून कमी. म्हणून विरोधी पक्षनेतेपद नाकारलं. तो निर्णय जुन्या पायंड्याला धरून होता, असं मी मानतो. ऑगस्ट 2015 मध्ये मात्र गोंधळ घालणाऱ्या 25 काँग्रेस सदस्यांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं, ते मला आजही रुचत नाही. गोंधळ झाला हे खरं, पण विरोधी बाकं रिकामी करून सभागृह चालवू नये. ताईंबद्दल अतिशय आदर बाळगूनच हे म्हणतो आहे.

एप्रिल 2019 मध्ये इंदूरसाठी त्यांच्या पक्षाचा, भाजपचा, उमेदवार ठरत नव्हता. ताईंनी पत्र लिहून कळवलं की आपण लढणार नाही, पक्षाने निःसंकोच निर्णय घ्यावा. 2021 मध्ये पद्मभूषण मिळालं.

आता आपल्या महापालिकेकडे या. आज इंदुरात 85 वॉर्ड आहेत आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. ताई महापालिकेत गेल्या तेव्हा असं आरक्षण नव्हतं. आज इतक्या बायका निवडून येतात, पण कित्येक वॉर्डांत कारभार बघतात ते ‘पार्षदपती’, म्हणजे पार्षदबाईंचे (नगरसेविकांचे) नवरे. लोकही कामासाठी त्यांनाच गाठतात. समोर बसलेल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: उद्या नळाला पाणी आलं नाही, तर फोन पार्षदबाईंनाच करा. नवऱ्याने उचलला, तर ‘बाईंना द्या’ म्हणा.