दहा मिनिटांचा बंद

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते युद्धकाळातल्या कामगारांविषयी. पण सुरुवात करू या बॅबिलोनियातल्या एका फुटलेल्या रांजणापासून.

गोष्ट तिसऱ्या शतकातली, ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात आलेली. एका विद्वान गृहस्थाने हमाल लावले होते. त्यांच्या हातून वाइनचा रांजण फुटला. गृहस्थाने भरपाई म्हणून त्यांची वस्त्रंच काढून घेतली. हमाल गेले रव नावाच्या थोर धर्मपंडितांकडे. रव म्हणाले, "यांची वस्त्रं परत दे." गृहस्थाने विचारलं, "कायदा असा आहे?" रव म्हणाले, "हो. भल्या माणसांच्या वाटेने चालावं, असं वचन आहे." वस्त्रं मिळाली, तरी हमाल हलेनात. "आम्ही गरीब माणसं. दिवसभर राबलो, पोटात भूक आहे आणि हातात काही नाही." रव म्हणाले, "जा, यांची मजुरी देऊन टाक." "हाही कायदाच?" "हो. नीतिमानांचा मार्ग धरावा, असं त्याच वचनात पुढे आहे."

गृहस्थ दोनदा कायदा विचारतो, आणि दोन्ही वेळा त्याला "हो, हाच कायदा" असं उत्तर मिळतं. रव त्याच्याकडे दयेची भीक मागत नाहीत. ज्यू नीतिविचारात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. मजुराचं पोट हा तिथे हक्काचा विषय आहे. मोशेच्या पाचव्या ग्रंथात सांगितलंय की मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण मजुराचा जीव तिच्यात अडकलेला असतो. सातव्या दिवसाचा विसावा नोकर-चाकरांनाही द्यायचा, हेही त्याच ग्रंथात आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल हा विसावा किती काटेकोरपणे पाळत, ते जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांना ठाऊक होतं. तेल गाळणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.

याच रवांचं आणखी एक मत आहे. मजूर भर दिवसा, अर्ध्यावरसुद्धा काम सोडू शकतो. कारण माणूस देवाचा सेवक आहे, दुसऱ्या माणसाचा गुलाम नाही. याला एक अपवाद मात्र आहे. थांबल्यामुळे काही कायमचं नासणार असेल, तर काम असं अर्ध्यावर सोडता येत नाही. उदाहरणं अगदी घरगुती आहेत. धाग्यांसाठी जवसाची रोपं भिजत घातली आहेत, ती वेळेवर काढली नाहीत तर कुजतील. लग्नाला किंवा अंत्ययात्रेला वादक आणायचे आहेत, गाडीवान आयत्या वेळी फिरला तर ती वेळ पुन्हा येणार नाही.

युद्ध सुरू झालं की सरकार आणि कारखानदार नेमका हाच अपवाद पुढे करतात. आता सगळंच नासण्याजोगं आहे, म्हणून कोणीच थांबायचं नाही. अमेरिका डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उतरली आणि तिथल्या दोन्ही मोठ्या कामगार महासंघांनी संप न करण्याचा शब्द दिला. पगाराचे तंटे सोडवायला जानेवारी १९४२ मध्ये सरकारी मंडळ बसलं.

न्यू यॉर्कच्या कपडे कारखान्यांतल्या कामगारांत पूर्व युरोपातून आलेले ज्यू फार मोठ्या संख्येने होते. स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष डेव्हिड डुबिन्स्की पोलंडमधल्या लोड्झ शहरात वाढलेले. बेकरी कामगारांच्या संपात पुढे होते म्हणून झारच्या राजवटीने त्यांना सैबेरियाला धाडलं. तिथून निसटून ते १९११ साली न्यू यॉर्कला पोचले. डुबिन्स्की आणि त्यांच्यासारख्यांनी १९३४ साली ज्यूइश लेबर कमिटी उभी केली. हिटलरच्या मुलखात अडकलेल्या कामगार कार्यकर्त्यांना मदत करणं हे तिचं काम. १९४० साली फ्रान्स पडल्यावर या कमिटीने त्या दोन कामगार महासंघांपैकी एकाचे, अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे, अध्यक्ष विल्यम ग्रीन यांना सोबत घेऊन सरकारकडून तातडीचे व्हिसा मिळवले आणि शेकडो माणसं बाहेर काढली. बंदिवान सोडवण्याहून मोठं दानधर्माचं काम नाही, असं मायमोनिडिस या ज्यू धर्मपंडिताने बाराव्या शतकात लिहून ठेवलंय. ही मंडळी बहुतेक समाजवादी, देवधर्म न मानणारी. पण आज्ञा पाळली ती त्यांनीच.

नोव्हेंबर १९४२ च्या अखेरीस अमेरिकेत जाहीर झालं की वीस लाखांच्या आसपास ज्यू मारले गेले आहेत आणि कत्तल चालूच आहे. २ डिसेंबर हा शोकदिन ठरला. त्या दिवशी न्यू यॉर्कमध्ये सुमारे पाच लाख ज्यू कामगारांनी दहा मिनिटं काम थांबवलं. ज्यू नसलेले सोबतीही त्यांच्याबरोबर थांबले. काही रेडिओ केंद्रं दोन मिनिटं मूक राहिली.

संप न करण्याचा शब्द तर दिलेला, आणि हिटलरला हरवायची घाई याच कामगारांना सर्वांहून जास्त. तरीही ते थांबले. तालमूदचा नियम मी इथे लावतोय, तो माझ्या जबाबदारीवर. त्या डिसेंबरात कायमची नाहीशी होत होती ती माणसं. "शेजाऱ्याचं रक्त सांडत असताना उभा राहून बघू नकोस" ही लेवीय ग्रंथातली आज्ञा त्या वेळी कुठल्याही उत्पादनापेक्षा वरची होती. कामगाराच्या हातात थांबण्याखेरीज दुसरं काय असतं? तेवढं त्यांनी वापरलं.

पुरेसं होतं का? नव्हतं. ८ डिसेंबरला ज्यू संस्थांचं शिष्टमंडळ रूझवेल्टना भेटलं. लेबर कमिटीचे ॲडॉल्फ हेल्ड त्यात होते. जेमतेम अर्ध्या तासाच्या भेटीत बहुतेक वेळ राष्ट्राध्यक्षच बोलले, असं हेल्ड यांनी नोंदवून ठेवलंय. १७ डिसेंबरला दोस्त राष्ट्रांनी निषेधाचं निवेदन काढलं. माणसं वाचवण्याची योजना त्यात नव्हती.

लंडनमध्ये तेव्हा श्मूल झिगिएलबोइम होते. लहानपणीच कारखान्यात लागलेले, पुढे वॉर्सात धातुकामगारांच्या युनियनचे चिटणीस झालेले. ज्यू कामगारांच्या 'बुंद' या पक्षातर्फे ते निर्वासित पोलिश सरकारच्या राष्ट्रीय मंडळावर बसत. जून १९४२ मध्ये त्यांनी बीबीसीवरून पोलंडमधली कत्तल जगाला सांगितली. १९ एप्रिल १९४३ रोजी वॉर्साच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, उठाव झाला. त्याच दिवशी बर्म्युडात निर्वासितांच्या प्रश्नावर ब्रिटन-अमेरिकेची परिषद भरली आणि काहीही न करता उठली. घेटोत झिगिएलबोइमांची पत्नी आणि मुलगा मारले गेले. मे महिन्यात त्यांनी निषेध म्हणून स्वतःचं जीवन संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं की खुनाची पहिली जबाबदारी खुन्यांची, पण स्वस्थ बसून बघणारी सरकारं आणि राष्ट्रंही तिचे वाटेकरी झाली आहेत. ज्यू धर्मशास्त्र आत्महत्येला मुळीच मान्यता देत नाही, आणि त्यांच्या शेवटच्या कृतीची मीही भलामण करणार नाही. पत्रातला आरोप मात्र मला आजही खोडता येत नाही.

लेबर कमिटी युद्धात वॉर्साच्या भूमिगतांपर्यंत चोरवाटेने पैसे पोचवत राहिली. १९४५ नंतर तिने युरोपातल्या अनाथ मुलांचं पालकत्व घ्यायची योजना काढली. एका मुलाचा वर्षाचा खर्च ३०० डॉलर. युनियनच्या शाखा, एखाद्या कारखान्यातले कामगार वर्गणी काढून तो भरत.