नेटकडची पायवाट

(दृश्य : विम्बल्डन या टेनिस स्पर्धेचं सेंटर कोर्ट, वरून. १९८०चं दशक, स्पर्धेचा शेवटचा दिवस.)

गवत कुठे झिजलंय ते बघा. बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, तर झिजलंच आहे. पण तिथून नेटच्या दिशेने एक फिकट पट्टा गेलाय, रोजच्या ये-जा करण्याने पायवाट पडावी तसा. सर्व्हिस केली की त्याच पावली पुढे पळायचं आणि चेंडू जमिनीला टेकायच्या आत व्हॉलीने संपवायचा. दोन आठवडे सगळे त्याच वाटेने धावले तर गवत टिकणार कसं?

(दृश्य : तेच कोर्ट, अलीकडचं.)

इथे दोन्ही बेसलाइनवर माती उघडी पडलीय. नेटजवळचं गवत मात्र शाबूत.

२००१चा अंतिम सामना गोरान इव्हानिसेविच आणि पॅट राफ्टर यांच्यात झाला. दोघेही नेटवर धाव घेणारे. पुढच्याच वर्षी त्याच कोर्टावर लेटन ह्युइट आणि डेव्हिड नालबांदियान, दोघेही बेसलाइनवर मुक्काम ठोकणारे. मधल्या काळात विम्बल्डनने निव्वळ राय जातीचं गवत लावायला घेतलं होतं. जमीन टणक राहू लागली, चेंडू उंच उसळू लागला. रॅकेटच्या तारा तर आधीच बदलत होत्या. गुस्ताव्हो कुर्तेनने १९९७ मध्ये फ्रेंच ओपन जिंकली ती पॉलिएस्टरच्या तारांनी. या तारांनी चेंडूला इतका टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी) देता येतो की जीव खाऊन मारलेला फटकाही ऐन वेळी खाली बुडतो, आणि तोही नेटवर आलेल्याच्या नेमका पायांशी. पुढे धावणं महागात पडू लागलं. पायवाट बुजली.

वाईट झालं का? नेटवरच्या खेळाचे चाहते लगेच हो म्हणतील. त्यांनी १९९४चा विम्बल्डनचा अंतिम सामना पुन्हा एकदा बघावा. सॅम्प्रास विरुद्ध इव्हानिसेविच. सर्व्हिस, फार तर एक परतीचा फटका, गुण संपला. पुन्हा सर्व्हिस. पहिले दोन सेट टायब्रेकपर्यंत (६-६ अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमपर्यंत) गेले, तरी प्रेक्षकाच्या वाट्याला खेळ कमी आणि वाट बघणंच जास्त आलं. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियन ओपन २०१२. जोकोविच आणि नदाल ५ तास ५३ मिनिटं एकमेकांना बेसलाइनवरून पळवत राहिले. बक्षीस समारंभात भाषणं लांबली तेव्हा दोघांना उभं राहवेना, खुर्च्या आणाव्या लागल्या. त्या जिद्दीला दाद द्यावी तेवढी थोडीच, पण माझं विचाराल तर मधल्या तासाभरात मी डुलकी काढली असती.

मजा येते ती एकाला घाई असते आणि दुसऱ्याला नसते तेव्हा.

(दृश्य : नेटकडे धावणारा खेळाडू, संथ गतीत.)

हा पुढे निघालाय. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते, त्याच क्षणी हा एक छोटीशी उडी मारून दोन्ही पाय फाकवून थबकतो. कुठल्या बाजूला झेप घ्यायची ते अजून त्याला माहीत नाही. समोरचा रेषेलगत मारेल, तिरका मारेल, डोक्यावरून लॉब टाकेल, नाहीतर पायांशी बुडवेल. पापणी लवायच्या आत ठरायचंय. बेसलाइनवरून दोघेही खेळताना आपण गुण घडताना बघतो. इथे आपणही त्याच्यासोबत हवेत लटकलेले असतो.

१९८०चा विम्बल्डनचा अंतिम सामना आजही लोक काढून बघतात तो यासाठीच. मॅकेन्रो सतत पुढे येणारा, बोर्ग थंड डोक्याने मागून फटके काढणारा. (विम्बल्डनला बोर्गही बऱ्याचदा नेटवर यायचा, पण त्याचा पिंड बेसलाइनचाच.) चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये बोर्गला पाच वेळा विजेतेपद एका गुणावर दिसलं आणि पाचही वेळा निसटलं. मॅकेन्रोने तो टायब्रेक १८-१६ असा घेतला. बोर्गने पाचवा सेट ८-६ असा जिंकला.

फेडरर आणि नदाल यांच्यातला फरक आणखी वेगळा. डावखुऱ्या नदालचा फोरहँड उजव्या फेडररच्या एकहाती बॅकहँडवर (रॅकेटच्या हाताच्या उलट बाजूच्या फटक्यावर) खांद्याइतका उंच उसळायचा आणि फेडररचा सगळा डौल त्या एका कोपऱ्यात अडकून पडायचा. २००७ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर तर दोघांसाठी अर्धं मातीचं, अर्धं गवताचं कोर्ट बनवलं होतं. बाजू बदलताना बूटही बदलायचे! होता सगळा तमाशाच. तरी तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत रंगला आणि नदालने जिंकला.

पण या विषयात मला सगळ्यात जास्त रमवतात त्या ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नव्रातिलोव्हा. १९७३ ते १९८८, तब्बल ८० सामने. नव्रातिलोव्हा ४३, एव्हर्ट ३७. एक नेटवरची, एक बेसलाइनवरची. मधल्या काळात एव्हर्ट तिच्याकडून ओळीने १३ सामने हरली. मग तिने लाकडी रॅकेट सोडून ग्रॅफाइटची घेतली, वजनं उचलायला लागली, आणि ज्या नेटपासून ती लांब राहायची तिकडे थोडंथोडं फिरकूही लागली.

(दृश्य : पॅरिस, १९८५. लाल माती.)

फ्रेंच ओपनचा अंतिम सामना, तिसरा सेट, एव्हर्ट ६-५ ने पुढे, मॅच पॉइंट : आणखी एक गुण की सामना तिचा. नव्रातिलोव्हा नेहमीप्रमाणे नेटवर धावत येते. एव्हर्ट बाजूला सरकते, दोन्ही हातांनी बॅकहँड घेते आणि चेंडू रेषेलगत काढते.

नव्रातिलोव्हा वळून बघते, तोवर तो गेलेला असतो. नेटला वळसा घालून ती एव्हर्टच्या गळ्यात हात टाकते.