चमकी एम्बॉसिंगचं कार्ड: हीट गन नेमकी कधी थांबवायची?

नमस्कार! आधी हे कार्ड बघा. सरळ धरलं तर गडद निळ्या कागदावर एक पान दिसतंय, बस. आता जरा तिरकं करते… दिसलं? एकेक शीर चमकली. आणि त्यावरून बोट फिरवलं की पानाची कड हाताला लागते, कारण ते कागदावर खरोखर उठून आलंय. असा उठाव आणणं म्हणजेच एम्बॉसिंग. एक ठसा, एक चिकट शाई, दोन चमचे पावडर आणि हीट गन नावाच्या यंत्राची गरम हवा, एवढ्यावर हे झालं. आज तेच करायचंय. बाकीच्या गोष्टी मी पटापट सांगेन, पण गरम हवेच्या त्या अर्ध्या मिनिटापाशी आपण जरा रेंगाळणार आहोत, कारण कार्ड बनतं तिथे आणि बिघडतंही तिथेच.

सगळ्यात आधी ही पावडर. (बरणी कॅमेऱ्यासमोर धरते.) एम्बॉसिंग पावडर म्हणजे उष्णतेने वितळणाऱ्या रेझिनचे बारीक कण. ते वितळतात, एकमेकांत मिसळतात आणि गार झाले की त्यांचा कडक थर होतो. काही व्हिजिटिंग कार्डांवरची अक्षरं बोटाला उंच लागतात ना, ती बऱ्याचदा याच तत्त्वावर छापलेली असतात. त्या छपाईला थर्मोग्राफी म्हणतात. चमकीच्या एम्बॉसिंग पावडरमध्ये याच रेझिनमध्ये चमकीचे तुकडे मिसळलेले असतात. वितळतं ते रेझिन, चमकी त्यात अडकून बसते. मला नेहमी विचारतात, घरातली साधी चमकी शाईवर टाकून गरम केली तर चालेल का? नाही चालणार. त्या चमकीला धरून ठेवायला रेझिनच नसतं. वर ती असते पॉलिएस्टरची, त्यामुळे जास्त तापली की आक्रसते आणि काळवंडते. साधी चमकी वापरायचीच असेल तर ती गोंदावर टाका. तेही छान दिसतं, पण ते वेगळं काम आहे.

आता कागद. २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत कार्डस्टॉक, म्हणजे जाड कार्डाचा कागद घ्या. ए४ कागद मधोमध कापला की दोन ए५ तुकडे मिळतात. ए५ तुकड्याची घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं आणि ते सी६ पाकिटात नीट बसतं. घडी घालायच्या आधी पट्टी धरून बोथट टोकाने रेघ ओढा, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगते: एम्बॉसिंग थेट कार्डावर करू नका. कार्डापेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर लहान असा वेगळा तुकडा कापा, त्यावर काम करा आणि मग तो कार्डावर चिकटवा. बिघडलं तर तुकडा जातो, कार्ड वाचतं.

शाईकडे येऊ. साधी डाय इंक कागदात लगेच मुरते आणि वाळते. पावडर हातात घेईपर्यंत ती धरायला ओलसर काही उरलेलंच नसतं. आपल्याला हवी उशिरा वाळणारी शाई, म्हणजे पिगमेंट इंक किंवा खास एम्बॉसिंगची पारदर्शक चिकट शाई. मी पारदर्शकच घेते. रंग आणि चमक पावडरची दिसते, खालची शाई मध्ये येत नाही.

ठशाच्या निवडीत बहुतेकांची पहिली चूक होते. चमकीचे तुकडे रेझिनच्या कणांपेक्षा मोठे असतात, बारीक रेषेत ते मावत नाहीत. बारीक वळणदार अक्षरांच्या ठशावर ही पावडर टाकलीत की अक्षरं फुगतात, पोटातल्या जागा भरतात आणि 'शुभेच्छा' मधला 'च्छा' म्हणजे नुसता चमकता गोळा होतो. चमकीसाठी भरीव आकार घ्या: पान, पाकळी, चंद्रकोर, जाड अक्षर. बारीक अक्षरांसाठी 'डिटेल' नावाची अगदी बारीक पावडर वेगळी मिळते, ती साधी सोनेरी किंवा पांढरी घ्या. दोन्ही एकाच कार्डावर शोभतात.

शाई लावण्याआधी एक काम आहे, ते टाळू नका. कागदावर स्थिर विद्युत असते आणि हाताचा तेलकटपणाही लागलेला असतो. या दोन्हींमुळे पावडर नको तिथे चिकटते आणि गरम केल्यावर सगळीकडे ठिपके उठतात. पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत थोडी टाल्कम पावडर बांधा आणि ती कागदावरून हलकेच फिरवा. गडद कागदावर तर हे हवंच, कारण त्यावर एक चुकार कणसुद्धा लपत नाही.

आता ठसा. इंक पॅड ठशावर थोपटायचं, घासायचं नाही. ठसा कागदावर सरळ ठेवा, सगळीकडे सारखा दाब द्या आणि सरळ वर उचला. डुलवला की कडा दुहेरी उमटतात. पारदर्शक पॉलिमरचा ठसा असेल तर तो अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर लावतात. त्यातून आरपार दिसतं, म्हणून जागा अचूक साधता येते. हा बघा, उमटला. तुम्हाला कदाचित काही दिसत नसेल, मलाही उजेडात तिरका धरल्यावरच ओला आकार दिसतो.

आता लगेच पावडर. खाली कोरा कागद आहे. भरपूर टाका, कंजूषी नको, कारण उरलेली सगळी परत बरणीत जाणार आहे. कागद उभा करा, मागून दोन टिचक्या मारा. उरलीसुरली चुकार चमकी कोरड्या बारीक ब्रशने उचला. इथे एक मिनिट गेलं तरी चालेल. एकदा वितळली की ती निघत नाही.

आणि आता हीट गन. केस वाळवायचं यंत्र चालत नाही. त्याची हवा जोरात येते आणि पुरेशी तापत नाही, पावडर उडून जाते. हस्तकलेची हीट गन हवा हळू सोडते, पण ती खूप गरम असते. गन आधी कागदापासून लांब धरून दहा-पंधरा सेकंद तापू द्या. गार हवेने सुरुवात केली की शाईखालचा कागद उगाच भाजत बसतो. कागद चिमट्याने धरा, बोटांनी नको. गन पाच ते सात सेंटीमीटरवर आणि एका टोकाला.

आता आवाज बंद करते, नुसतं बघा.

(गन फिरत राहते. काही सेकंद शांतता.)

दिसलं? आधी आकार वाळूसारखा खरखरीत होता. मग एका कोपऱ्यात जरा ओलसर दिसायला लागला आणि त्याच क्षणी तिथला पृष्ठभाग सपाट होऊन चकाकला. ती ओली चकाकी पुढे सरकते तशी गनही पुढे सरकली पाहिजे. जिथे चकाकलं तिथे पुन्हा जायचं नाही. चमकीच्या पावडरमध्ये हा बदल ओळखणं अवघड असतं, कारण ती न वितळताही चमकतच असते. म्हणून चमकीकडे बघू नका, दोन चमक्यांच्या मधल्या जागेकडे बघा. तिथला भुरकटपणा गेला, काचेसारखं दिसलं, की झालं.

जास्त तापवलं तर काय होतं तेही दाखवते. हा दुसरा तुकडा मी मुद्दाम तापवला. रेझिन कागदात मुरलं, उठाव बसला, भोवती तेलकट डाग आला आणि कागद वाकला. याला उपाय नाही. उलट कमी तापवलेला तुकडा असेल, बोट फिरवलं की चमकी सुटत असेल, तर त्याला पुन्हा गन दाखवता येते. म्हणून शंका आली की आधी थांबा. गार होऊ द्या, अर्ध्या मिनिटाने बोटाने तपासा, मग हवं तर पुन्हा.

रंग भरायची हौस असेल तर अजून एक सुंदर गोष्ट करता येते. पांढऱ्या कागदावर बाह्यरेषेचा ठसा साध्या सोनेरी पावडरने एम्बॉस करा आणि आत जलरंग सोडा. वितळलेली रेषा पाणी शोषत नाही, रंग तिला येऊन थांबतो. ज्यांचा ब्रश रेषेबाहेर जातो त्यांना तर ही रेषा फारच जपते. फक्त त्या कामाला जलरंगाचा कागद घ्या.

चमकी किती वापरायची? माझं मत स्पष्ट आहे: एका कार्डावर एकच जागा. सगळं चमकलं की डोळा कुठेच थांबत नाही. या कार्डावर एकच पान आहे, बाकी निळा कागद मोकळा सोडलाय, म्हणून ते पान उजेड पकडतं.

मुलं सोबत असतील तर ठसा आणि पावडर त्यांना करू द्या, गन मोठ्यांनी धरायची. खिडकी उघडी ठेवा. सांडलेली चमकी बेसिनमध्ये धुऊ नका. ती प्लॅस्टिक आहे, पाण्याबरोबर वाहत जाते आणि कुठेच विरत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले ते याच कारणाने. ओल्या कागदाने टिपून घ्या आणि कचऱ्यात टाका.

शेवटचं काम, कार्ड जोडायचं. पण त्याआधी आतला मजकूर लिहून घ्या. उठावाचा तुकडा चिकटवल्यावर लिहायला बसलात तर पेन डगमगतं आणि दाबाने पुढचा थर तडकू शकतो. मी लिहून घेते… आता मागे फोमची दुहेरी टेप, चार कोपऱ्यांत आणि एक मधे, म्हणजे तुकडा मधे खचत नाही. पाकिटात घालताना पानावर पातळ टिश्यू कागद ठेवा.